मदत हवी आहे : सांगलीत जुनी छोटी गाडी घ्यायची आहे, पुरातली नाही हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

विश्रामबागेत राहते. नोकरी गणपती पेठेत, मुलीचा क्लास शंभर फुटी रोडला आणि आईला महिन्यातून दोनदा मिरजेला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. इतकी वर्षं सगळं स्कूटीवर निभावलं. आता आईचे गुडघे मागं बसू देत नाहीत आणि मिरजेचं नाव काढलं की रिक्षावाले आकाशाकडे बघून भाडं सांगतात. म्हणून सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतेय. बजेट सव्वातीन लाख, त्यात नावावर करणं आणि विमा आला. महिन्याचं रनिंग फार तर 500 किलोमीटर. सीएनजी नको, डिकीत आईचा वॉकर बसला पाहिजे.

तीन गाड्या बघितल्या.

पहिली 2015 ची ग्रँड आय10, एका कार बाजारातली. दिसायला नवरी. दार उघडलं की अत्तराचा भपका. सीटवर बसले, सहज सीटबेल्टचा पट्टा ओढला आणि ओढतच गेले. शेवटचा वीतभर पट्टा मातकट आणि हाताला कडक लागला. मालक म्हणाले, "उन्हानं रंग गेलाय ताई." जो भाग कायम खांबाच्या आत गुंडाळलेला, त्याला ऊन कुठून लागणार? मग सर्व्हिस बुक मागितलं. जुलै 2019 ला 37,000 किलोमीटर, फेब्रुवारी 2020 ला 37,400. सात महिने गाडी काय करत होती? तर म्हणे, "एमएच 09 आहे, कोल्हापूरची, सांगलीच्या पुराशी संबंधच नाही." जणू ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापुरात पंचगंगा रजेवर होती.

दुसरी 2017 ची सेलेरिओ ऑटोमॅटिक. क्लच नाही म्हणून मन तिथंच अडकलंय, पण साडेतीन लाख म्हणतात आणि थांबून निघताना हिसका देते.

तिसरी गावभागातल्या एका निवृत्त काकांची वॅगनआर. 2016, व्हीएक्सआय, एकाच मालकाची, 61,000 किलोमीटर, मागणी तीन लाख दहा हजार. डाव्या दाराचा रंग पुन्हा मारलाय, क्लच जड आहे. गावभाग, म्हणजे पुराचं पाणी शिरतं तो भाग, ऐकूनच मी मागं सरले होते. त्यावर काका म्हणाले, "आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चाळीस फूट झालं की मी जेवत असलो तरी उठून गाडी काढतो. 2019 ला आणि 2021 ला गाडी महिनाभर विजयनगरला लेकीच्या दारात होती." माणूस सरळ वाटला. पण माणूस सरळ वाटणं हा काही पुरावा नव्हे, आणि घरचे म्हणतात गावभागातली गाडी नकोच.

तर, पाणी गेलेली गाडी नक्की कशी ओळखायची? इंजिन साफ करून घेतलं तर पाण्यानं एवढं काय बिघडतं? ऑटोमॅटिकचा हट्ट धरू की सोडू?

ग्रीसचे हात
ताई, पट्टा ओढून बघितलात तिथंच निम्मी परीक्षा झाली. पुढच्या पट्ट्याची गुंडाळी खांबाच्या तळाशी, जवळजवळ फरशीला असते. गाडीत वीतभर पाणी आलं तरी ती भिजते. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पट्टा मात्र कुणी उकलून धूत नाही.

इंजिनाचं म्हणाल तर त्यात पाणी गेलं आणि कुणी स्टार्टर मारला नाही, तर खोलून नीट करता येतं. खरं दुखणं वायरिंगचं. कार्पेटखालून वायरींचे जुडगे जातात, एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत गिअरजवळ खालीच बसवलेला असतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढतं आणि गाडी वर्षा-दीड वर्षानं रंग दाखवायला लागते. आज काच वर जात नाही, उद्या सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडतं. मिस्त्री बदलून थकता, दोष सापडत नाही.

वॅगनआर बघायला जाताना टॉर्च न्या. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटून कार्पेटचं टोक वर करा, खाली बारीक गाळ आहे का बघा. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, तेही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. एअरबॅग असूनही लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

पुलाखालचं पाणी
गावभाग म्हणून गाडी नाकारू नका आणि लांबची म्हणून घेऊ नका. 2019 ला ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यातले कितीतरी "2005 ला इथं पाणी नव्हतं" म्हणून निर्धास्त झोपले होते. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नेहमी पूर बघणारा माणूस चाळीसला, म्हणजे इशारा पातळीलाच गाडी काढतो. आमच्या शामरावनगरात तर पोरंसुद्धा शाळेचे मार्क सांगितल्यासारखी आयर्विनची पातळी सांगतात.

कागदी घोडा
तोंडी हिशोबापेक्षा विम्याच्या जुन्या पॉलिस्या मागा. फुल विमा असेल आणि क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 20, 25, 35, 45, 50 टक्के असा चढत जातो. पुराचा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य. 2020 च्या आणि 2022 च्या पॉलिसीत बोनस तुटलेला नसेल तर गाडीही बहुधा कोरडी. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हा उपाय चालत नाही.

तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तुमचा हप्ता शून्यापासून धरून बजेट करा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. थकीत ई-चलन बघा. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची आहे, म्हणजे नवी नंबर प्लेट बसवलीय का तेही विचारा.

हाफ क्लच
सेलेरिओ सोडा. ती गिअरपेटी साधीच असते, क्लच दाबायचं काम यंत्र करतं. ते यंत्र जुनं होऊन बिघडलं तर खर्च तुमच्या बजेटला झेपणारा नाही. सांगली सपाट आहे, घाट चढायचा नाही. वॅगनआरचा जड क्लच म्हणाल, तर प्लेट बदलली की तो लोण्यासारखा होतो.

ग्रीसचे हात
वॅगनआरमध्ये एअरबॅग आहेत का ते आधी बघा. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, त्याआधी बऱ्याच छोट्या गाड्यांत ती पैसे जास्त मोजून घ्यावी लागायची. आणि टायरवर चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 चा बत्तिसावा आठवडा. तसला टायर असेल तर चारही टायरचा खर्च किमतीतून कापा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. रविवारी मिरजेच्या ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन काकांकडे गेले. उंबऱ्याची पट्टी काढताना काकू तोंडावर पदर धरून उभ्या होत्या, जणू घराची झडती चाललीय. खाली गाळ नाही, पण 2017 च्या तारखेची बसची दोन तिकिटं आणि एक वाळलेला बेदाणा निघाला. पट्टा टोकापर्यंत एकाच रंगाचा. गाडी ऑप्शनलवाली निघाली, दोन एअरबॅग आहेत, दिवा लागून विझला.

काकांनी पॉलिस्यांची फाइल काढली. 20 पासून 50 पर्यंत एकही पायरी चुकलेली नाही. दार कशानं घासलं विचारल्यावर काकांनी काकूंकडे बघितलं, तो विषय तिथंच सोडला.

टायर 2018 चेच आहेत, क्लच प्लेट संपलीय. दोन लाख पंच्याऐंशीला ठरलं, 10,000 विसार दिला. आई वॉकरसकट बसून बघून आली, म्हणाली रिक्षापेक्षा उंच आहे, वाकावं लागत नाही.

क्लचचं काम काका नावावर करून देण्याआधीच करून घेऊ, की ताब्यात आल्यावर? मिस्त्री म्हणतात आधी, यजमान म्हणतात नंतर.

कागदी घोडा
नंतर. आधी आरसी.