स्वस्त होता म्हणून गाजला?
'ईएसपीएन एनएफएल २के५' या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं ते फक्त २० डॉलर किमतीमुळे, असं काहीजण म्हणतात, पण ते पटलं नाही. वाहवा झाली ती सादरीकरणाची. मध्यंतरात ईएसपीएन वाहिनीचा निवेदक क्रिस बर्मन येऊन तुमच्याच सामन्यातले क्षण दाखवायचा, थेट टीव्हीसारखे. २००४ साली हे फारच होतं!

किमतीचा दणका बसला तो ईए कंपनीच्या 'मॅडन' या स्पर्धक गेमला, ५० वरून ३० डॉलरवर यावं लागलं. मग डिसेंबरात ईएने एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे व्हिडिओ गेमचे हक्कच एकट्याच्या खिशात घातले. त्यामुळे २००७ मध्ये २के कंपनीने निवृत्त खेळाडू आणि काल्पनिक संघ घेऊन 'ऑल-प्रो फुटबॉल २के८' काढला. मैदानावरचा खेळ झकास, पण फ्रँचायझी मोडच (एक संघ अनेक हंगाम चालवायची सोय) नाही, आणि समीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.