कोथरूडमधला १९८९ सालचा वन बीएचके: ८ लाख ४० हजारांचं कोटेशन कुठे कापू?

सुमेधा_क

नमस्कार मंडळी. पाल्हाळ होणार आहे, आधीच सांगून ठेवते.

सासऱ्यांनी १९८९ मध्ये घेतलेलं घर. दुसरा मजला, लिफ्ट नाही, करारात ५६० फूट बिल्ट-अप. घरात सासूबाई, नवरा, मी आणि बारावीतला मुलगा. मार्चमध्ये त्याची परीक्षा संपली की कामाला हात घालायचा आणि मृगाच्या आत उरकायचं, असं घोकतोय.

दुखणी तीन. नळाला पाणी करंगळीएवढं येतं. बेडरूमच्या ज्या भिंतीमागे बाथरूम आहे तिला गुडघ्यापर्यंत ओल, पापुद्रे पडतात, आणि कोणी पाहुणे येणार असले की सासूबाई तिथे ट्रंक सरकवतात. तिसरं म्हणजे गिझर चालू असताना मिक्सर लावला की अंधार. मग स्टुलावर चढून तो पांढरा किटकॅट (फ्यूज) काढायचा आणि तार बांधायची. हे माझ्याकडे आहे, नवऱ्याला जमत नाही.

ठेकेदाराने घर बघून असं दिलंय: मॉड्युलर किचन २ लाख १० हजार, बाथरूम-संडास १ लाख ९० हजार, सगळीकडे नवीन फरशी ९५ हजार, वायरिंग ८५ हजार, पीओपी सीलिंग ६२ हजार, रंग ५८ हजार, कपाटं १ लाख १५ हजार, आणि शेवटी 'राडारोडा व इतर, एल. एस.' २५ हजार. बेरीज ८ लाख ४०.

आमच्याकडे ५ लाख आहेत, त्यात माझी भिशी धरली. कर्ज काढायचं नाही. ठेकेदार म्हणतो, "मॅडम, तोडफोड एकदाच होते, सगळं एकदम करून घ्या." नवऱ्याला ते पटलंय. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. कोणी केलंय का असं काम?

बोळातला

सीलिंग उडवा. ६२ हजार देऊन स्वतःच्या घराची उंची कमी करून घेण्यातलं सुख मला आजवर कळलेलं नाही. शिवाय पंखा खाली येतो आणि पोराचा हात लागतो तो वेगळाच.

ओळंबा

सुमेधाताई, मी साइटवर सुपरवायझर म्हणून सत्तावीस वर्षं काढली, आता घरी आहे. थोडं सविस्तर लिहितो.

तुमची तिन्ही दुखणी भिंतीच्या आत आहेत: पाइप, ओल, वायर. आणि कोटेशनमधला निम्म्याहून जास्त पैसा भिंतीच्या बाहेरच्या गोष्टींवर आहे. तुम्हाला पटत नाहीये ते हेच असावं.

आधी टेप घ्या. बाथरूमचं माप काय, टाइल्स किती फूट धरल्यात, हे ठेकेदाराकडून लिहून मागा. वन बीएचकेचं बाथरूम साधारण ४ बाय ६ असतं. चार भिंतींचा घेर २० फूट. ७ फुटांपर्यंत टाइल लावली तर १४०. दार अडीच बाय सात, म्हणजे साडेसतरा वजा. राहिले १२२.५. त्यात जमिनीचे २४ मिळवा, १४६.५. तुटफूट दहा टक्के. १६२ फुटांच्या वर माल लागत नाही. कोटेशनात किती आहे ते बघा. फरशीसुद्धा त्याने करारातल्या ५६० वर लावली असेल तर चक्क चूक आहे. बिल्ट-अपमध्ये भिंती येतात, भिंतींवर कोणी फरशी घालत नाही.

फरशीचा विषय निघाला म्हणून. १९८९ चं घर म्हणजे खाली मोझेक असणार, १० इंची. ती काढू नका! मशीन लावून पॉलिश करून घ्या. फुटाला पंचवीस रुपयांच्या आसपास पडेल, तुमच्या घराचं दहा-अकरा हजारांत होईल. राडारोडा नाही, दारं खालून तासायला नकोत. तीन दिवस घरभर रबडी होते तेवढी सहन करा. मात्र रंगाच्या आधी घासून घ्या, नाहीतर ते शिंतोडे नव्या भिंतीवर दिसतात. शेवटचा हात रंगानंतर.

जिथे हात आखडायचा नाही ते बाथरूम. जुना कोबा (फरशीखालचा भराव) स्लॅबपर्यंत काढा, जीआय म्हणजे लोखंडी पाइप सगळे काढून सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचे टाका, न्हाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, नवा बसवा (देशभरचे प्लंबर आपल्या न्हाणीघराचा हा शब्द वापरतात, आणि आपण म्हणतो फ्लोअर ट्रॅप). वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बूच मारून पाणी भरून ठेवायचं, पूर्ण ४८ तास. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलने रेघ मारा. खालच्या बिऱ्हाडाला सांगून त्यांच्या बाथरूमचं छत बॅटरीने बघा. हे झाल्याशिवाय एकही टाइल लावू द्यायची नाही. ठेकेदार म्हणेल "चोवीस तास पुरे". नाही म्हणायचं.

पाइप आणि वायरचे कन्सील (भिंतीतल्या खाचा) बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. पुढे खिळा मारताना हेच फोटो शोधाल.

वायर: दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार एमएमची स्वतंत्र लाइन. किटकॅट काढून एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली तर वीज तोडते ती). इथे पैसे वाचवू नका. वाचवायचेच तर वायर स्वतः तपकीर गल्लीतून आणा, बंडल ९० मीटरचं येतं. न फोडलेलं बंडल परत घेणार का, हे बिल करायच्या आधी विचारा. नंतर विचारलं तर दुकानदाराचा चेहरा बदलतो.

'एल. एस.' म्हणजे लम्पसम, आपल्या भाषेत उक्तं. 'इतर' म्हणजे काय ते लिहून घेतल्याशिवाय २५ हजार द्यायचे नाहीत. लिफ्ट नाही, तेव्हा हमालीचा वाद हमखास होणार. गोणीमागे किती, हे आधीच ठरवा.

दादर_टीटी

ओळंबा यांच्याशी जवळपास सहमत, पण 'माल स्वतः आणा' हा सल्ला जपून. आम्ही गेल्या वर्षी सगळा माल आणला. सकाळी साडेदहाला दोन गोणी सिमेंट कमी पडलं, मी ऑफिसात, गवंडी आणि बिगारी गॅलरीत बसून चहा पीत होते. हजेरी पूर्ण द्यावी लागली. असं चार वेळा. वायर, नळ, टाइल्स, कमोड स्वतः आणा. सिमेंट-वाळू त्याच्यावर सोडा.

आणि दाराचा कट. मालात वजा करा, पण मजुरीत फार ताणू नका. कोपरे आणि कडा कापण्यात कारागिराचा वेळ जातोच.

ओळंबा

मान्य. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून बरेच जण हल्ली ते स्वतः आणायला धावतात. ताईंना लागणार फार तर पंधरा गोण्या. त्यात पाचशे रुपयेही सुटणार नाहीत, हजेरी मात्र जाईल.

जाई_जुई

कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते. १९८९ ची बिल्डिंग, कोथरूड, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटचं काय? तुमच्या सोसायटीत ७९-अ (सहकार कायद्यातलं कलम, रिडेव्हलपमेंट त्याखालच्या नियमांनी होते) हा शब्द कानावर आलाय का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के 'हो' म्हणाले की ठराव होतो. आमच्या शेजारच्यांनी मॉड्युलर किचन केलं आणि अडीच वर्षांत घर रिकामं केलं. ट्रॉल्या टेंपोत चढल्या, ग्रॅनाइट तिथेच राहिलं.

चेअरमनना गाठा. आणि ती ओल नक्की तुमच्याच बाथरूमची आहे ना? बाहेरच्या सामाईक ड्रेनेज पाइपची असेल तर खर्च सोसायटीचा आहे, उपविधीत तसं आहे.

सुमेधा_क

सगळ्यांना उत्तर देते. रविवारी टेप घेऊन बसले.

बाथरूम ४ बाय ६ च आहे. ओळंबाकाका, तुम्ही काय लपून बघून गेलात का? कोटेशनात टाइल्स २१० फूट. फरशी ५६० वर धरलेली, बाथरूम-संडास सोडून प्रत्यक्षात भरली ४२८. फोनवर विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अंदाजे धरतो आम्ही." मी म्हटलं, अंदाज एकदा तरी खालच्या बाजूला चुकवा. तो हसला. माणूस वाईट नाही. बाथरूमचे १ लाख ६८ केले त्याने.

ओल बारा महिने आहे, पावसाचा संबंध नाही. शिवाय चार दिवस नणंदेकडे गेलो होतो, मेन व्हॉल्व्ह बंद होता, आल्यावर भिंत हाताला कोरडी लागली. म्हणजे आमचंच पाप.

चेअरमननी चहा पाजला. रिडेव्हलपमेंटची चर्चा दोन वार्षिक सभांत झाली, ठराव नाही. दोन सभासद परदेशात आहेत, एका फ्लॅटचा वारसाहक्काचा वाद आहे. ते म्हणाले, "पाच वर्षं तरी धरा, आणि मला विचारलंत हे कोणाला सांगू नका." (इथे माझं खरं नाव नाही.)

मग नवऱ्याला समोर बसवून एक रेघ मारली. डावीकडे टेंपोत चढणाऱ्या वस्तू, उजवीकडे भिंतीला चिकटणाऱ्या. उजवीकडच्यांपैकी पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि रंग एवढंच ठेवलं. सीलिंग गेलं. ग्रॅनाइट गेलं, कडप्प्याचा ओटा तसाच राहणार, खाली फक्त फ्रेम आणि दारं. सिंकखाली ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय, बाकी साधं. ते ७० हजारांत बसतंय. भिंतीतली कपाटं रद्द, दोन सुटी कपाटं दिवाळीनंतर बघू. फरशीला पॉलिश. आत्ताचा आकडा ३ लाख ९२ हजार, अधिक 'इतर', जे आता राडाऱ्याच्या गोण्या आणि हमाली मिळून १४ हजार झालंय. उरलेल्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. भिंत फोडल्यावर काय निघेल कोणास ठाऊक.

एक अडचण. हॉलमध्ये पूर्वी कधीतरी पाइपसाठी खणलं होतं, तिथे सहा फरश्यांच्या जागी नुसता सिमेंटचा ठिगळ आहे. तशी मोझेक आता कुठे मिळेल? जुन्या बाजारात बघू का?

ओळंबा

जुन्या बाजारात मिळेलही, पण रंग जुळणार नाही. दाणा वेगळा असतो. तुमच्या ओट्याखाली बघा, सिलिंडरच्या मागे. तिथे तीच फरशी असणार आणि पस्तीस-छत्तीस वर्षांत तिच्यावर कोणी चाललेलं नाही. कडेची एक फोडावी लागेल, ती बळी जाते. मग बाजूच्या फरश्या छिन्नीने अख्ख्या उचलता येतात. नऊ काढा, म्हणजे सहा धड हाती लागतील. ओट्याखाली साध्या पांढऱ्या टाइल्स टाकून द्या, तिथे कोण बघतंय.

पॉलिशवाला येण्याआधी आठ दिवस तरी ही फरशी बसवून घ्या. ओल्या फरशीवर मशीन चालवलं तर हलते.

सुमेधा_क

आत्ता सिलिंडर ओढून बघितलं. आहे. आणि आमच्या हॉलची फरशी मुळात फिकट हिरवी होती, हे मला आज कळलं.