हाडात बसवलेल्या सळयांभोवतीच्या त्वचेची निगा घरी कशी राखावी?

धागाकर्ता (खानापूर तालुका):
नमस्कार. ट्रॉलीखाली सापडून माझ्या वडिलांच्या नडगीचे हाड मोडले, आणि बेळगावात शस्त्रक्रिया करून पायावर बाहेरून धातूची चौकट बसवण्यात आली. तिच्या चार सळया कातडीतून थेट हाडात गेल्या आहेत. परवा त्यांना घरी आणले. डिस्चार्ज कार्डावरील सूचना इंग्रजीत आणि कन्नडमध्ये आहेत, आणि तोंडी सांगितलेले त्या गडबडीत पुरते ध्यानात राहिले नाही. आमचे गाव जांबोटीच्या बाजूला असल्याने पावसाची झड लागलेली आहे, घरात ओल आहे आणि पाणी विहिरीचे आहे. दोन सळयांच्या मुळाशी पिवळसर पाणी येऊन खपली धरली आहे. शेजारची वडीलधारी माणसे हळद-तेल लावायला सांगतात. वडिलांना मधुमेहही आहे. ज्यांनी ही निगा घरी राखली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (परिचारिका, बेळगाव):
दादा, हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावू नका. सळईचे छिद्र म्हणजे बाहेरून हाडापर्यंत उघडी राहिलेली वाट आहे, आणि तिथे गेलेली कोणतीही पूड निर्जंतुक नसते.

पहिल्या काही दिवसांत थोडे पातळ, पिवळसर किंवा किंचित लालसर पाणी येणे स्वाभाविक आहे. किती दिवसांनी पुसावे याची पद्धत रुग्णालयागणिक वेगळी असते, कुठे रोज तर कुठे आठवड्यातून एकदा. म्हणून गावातील आरोग्य केंद्राच्या परिचारिकेकडून कार्ड वाचून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलीच पद्धत शेवटपर्यंत पाळा. विहिरीचे पाणी मात्र त्यासाठी वापरू नका. औषधांच्या दुकानात मिळणारे ०.९ टक्के सलाइन (निर्जंतुक मिठाचे पाणी) किंवा डॉक्टरांनी लिहून दिले असल्यास क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक घ्यावे, आणि फोडलेली सलाइनची बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, प्रत्येक सळईसाठी निर्जंतुक गॉजचा वेगळा तुकडा घ्यावा, कारण एकाच बोळ्याने चारही पुसल्यास एका छिद्रातील जंतू बाकीच्या तिन्हींकडे जातात. हायड्रोजन पेरॉक्साइड नको. त्याने भरत आलेली कातडीही दुखावते. खपली नखाने ओरबाडू नका. ती काढायची की ठेवायची यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही, तेव्हा तेवढे त्यांनाच विचारा.

पुसण्याइतकेच महत्त्वाचे, आणि घरोघरी दुर्लक्षित राहणारे, म्हणजे सळईभोवती कातडी हलू न देणे. कातडी वरखाली सरकत राहिली की छिद्र चिघळते, पाझर वाढतो आणि जंतूंना आयती जागा मिळते. यासाठी गॉज सळईभोवती हलका दाब राहील असा गुंडाळावा, पण कातडी पांढरी पडेल इतका आवळू नये. पाय उशीवर उंच ठेवला की सूजही कमी राहते. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर ही सारी मेहनत अपुरी पडते, म्हणून तिची तपासणी चुकवू नका.

प्रतिसाद (निपाणी):
माझ्या पायावर गोल कड्यांची, सळयांऐवजी बारीक तारा हाडातून गेलेली चौकट आठ महिने होती. पावसाळ्यात ओले झालेले ड्रेसिंग "संध्याकाळी बदलू" म्हणून तसेच ठेवले, आणि दोनच दिवसांत एका तारेशी पू धरला. वेळेवर दाखवल्यामुळे गोळ्यांवर निभावले. तार सैल झाली असती तर ती काढावी लागली असती. ड्रेसिंग भिजले की त्याच घटकेला बदला. आणखी एक गोष्ट आमच्या तंबाखूच्या मुलुखातला माणूस म्हणून कळकळीने सांगतो: वडील विडी ओढत असतील तर ती बंद करा. धूम्रपानाने जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात, हे मी स्वतः भोगले आहे.

धागाकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. वडिलांनी विडी सोडण्याचे कबूल केले आहे. कोणत्या खुणा दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये?

प्रतिसाद (परिचारिका, बेळगाव):
लाली पसरत जाणे, जागा गरम लागणे, ठणका वाढणे, पाझर घट्ट किंवा दुर्गंधीयुक्त होणे, सळई हलणे, ताप येणे. यांतील एकही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मनाने देऊ नका, आणि चौकटीच्या नटांना हात लावू नका.

धागाकर्ता:
कार्ड वाचून घेतले. आठवड्यातून एकदा क्लोरहेक्झिडिनने पुसावे असे त्यात आहे. परंतु आज सकाळी खालच्या सळईभोवतीची लाली बोटभर पसरलेली दिसली आणि स्पर्श करताच वडील कळवळले. गाडी बोलावली आहे. आम्ही आत्ताच बेळगावला निघत आहोत.