‘पट’ म्हणजे नक्की काय? पटावर, पटसंख्या, पट घसरला वगैरे

प्रश्न :
नमस्कार मंडळी. परवा मुलीच्या शाळेत पालकसभा होती, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. तिथं बाई म्हणाल्या यंदा पट कमी झालाय म्हणून एक तुकडी कमी होणार. ऐकताना कळलं सगळं, पण घरी आल्यावर मुलीने विचारलं, बाबा पट म्हणजे काय, दुप्पट तिप्पटमधला का? मला काही सांगताच आलं नाही. चित्रपटातला पट, सोंगट्यांचा पट आणि शाळेचा पट हा एकच शब्द आहे का? आणि पट आणि पटसंख्या यात फरक काय?

प्रतिसाद :
दादा, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, पेठ तालुक्यात, अठरा वर्षं झाली, हा शब्द दिवसातनं दहादा तोंडात येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. संस्कृतात पट म्हणजे विणलेलं कापड. चित्रपटातला तोच, सोंगट्यांचा पटही कापडाचाच असायचा, खेळ झाला की गुंडाळून ठेवायचा. शाळेचा पट त्याच घरातला वाटतो मला, समोर उलगडून धरायची यादी, एकाखाली एक नावं. दुप्पटमधला ‘पट’ इतक्या वेळा या अर्थाचा, तो इथं नाही.

म्हणजे पट ही मुळात नावांची यादी, आणि त्या यादीत किती नावं ती पटसंख्या. पण बोलताना आम्ही संख्या गाळूनच टाकलीये. ‘तुमचा पट किती?’ ‘अडतीस.’ दोन शिक्षक एसटी स्टँडवर भेटले तरी तब्येतीच्या आधी हे विचारतात हो. यादीचा शब्द आकड्यावर गेला, आणि मला हे मनापासून खुपतं.

हजेरीचं वेगळं. पटावर अडतीस आणि हजर एकोणतीस असं असू शकतं. महिनाअखेर हजेरीपत्रकात गोषवारा काढावा लागतो, मुलं किती, मुली किती, एकूण पट, सरासरी हजेरी. आमच्याकडे दिवाळीनंतर हा गोषवारा लिहिताना हात जड होतो, कारण पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला निफाड, दिंडोरीकडे उतरतात आणि लहान भावंडं सांभाळायला मोठी मुलगी सोबत जाते. त्या मुलीचं नाव पटावर माझ्याकडे, मुलगी बागेच्या कडेला झोळीपाशी. स्थलांतराच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की तिथल्या शाळेत बसवून घेतात, मी भरून देते, पण बागेवरनं शाळेत तिला नेऊन सोडणार कोण?

आता तुमच्या बाई म्हणाल्या त्यामागचं. शिक्षक किती द्यायचे ते पटावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात, त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यातही ज्यांचं आधार वैध तीच मुलं मोजली जातात. म्हणजे आधारवर नावात एका वेलांटीचा फरक असला तर वर्गात समोर बसलेलं पोर पटात धरलं जात नाही! शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय. मार्च २०२४ च्या जीआरनं मात्र सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला की तिथं शिक्षकच मंजूर होत नाही अशी गत केली. मग मुलं जाणार कुठं, आणि मुलं गेली की पट अजून घसरणार.

प्रतिसाद :
आमच्याकडे विदर्भात पट म्हटलं की आधी शंकरपट, बैलांची शर्यत. कुस्तीत ‘पट काढणे’ हा डाव पण आहे, एकेरी पट, दुहेरी पट. बाकी ताई, पट वाढवून दाखवणाऱ्या शाळा पण होत्या ना, ते पटपडताळणी प्रकरण? तिथं आकडा तपासणं बरोबरच होतं असं मला वाटतं.

प्रतिसाद :
बरोबरच होतं, मी पण तेच म्हणेन. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकदम पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती, म्हणजे एकच मूल दोन शाळांत मोजायला नको. पटावरची नावं खोटी निघणं हा मुलांच्या वाट्याच्या पैशावर डल्लाच. माझं म्हणणं एवढंच की खोट्या नावांमुळे खऱ्या नावांची किंमत कमी करू नका. २०१७ ला दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं तेव्हा शब्द वापरला ‘समायोजन’. शाळा बंद म्हणायचंच नाही, समायोजन म्हणायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे, पण आमच्याकडचा एक किलोमीटर पावसाळ्यात ओहोळ ओलांडून असतो.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं, इगतपुरीतल्या दरेवाडीची मुलं २०२२ मध्ये शाळेसाठी बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर आली होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ म्हणत. शाळा नसेल तर बकऱ्या वळतो, असं सरळ सांगितलं पोरांनी. चार शब्दांत एवढं सांगणारी घोषणा मी तरी दुसरी ऐकली नाही.

मूळ प्रश्न विचारणारा :
ताई, मनापासून धन्यवाद. मुलीला वाचून दाखवलं. तिचा अजून एक प्रश्न आलाय, नाव काढणे आणि पटावरून कमी करणे एकच का?

प्रतिसाद :
नाही, हुशार आहे हो पोरगी. नाव काढतात ते पालक, दाखला मागून दुसऱ्या शाळेत जातात. पटावरून कमी करते ती शाळा, मूल खूप दिवस आलं नाही म्हणून, आणि त्या मुलाला कुठली दुसरी शाळा असेलच असं नाही. म्हणून मी कमी करत नाही, घरी जाऊन येते, शेजारी कुणाकडे बागवाल्याचा फोन नंबर मिळतो का बघते. आणि नवीन मूल आलं की म्हणतात ‘पटावर घेतलं’, हा प्रयोग पण तिला सांगा.