पीकेडी, किडनी ट्रान्सप्लांट, थंडीताप आणि 'नो ग्रोथ' कल्चर

तालुका_दवाखाना: पीकेडीचा (किडनीत पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट होणारा आनुवंशिक आजार) पेशंट, वय ५२, ट्रान्सप्लांटला ७ महिने झालेत. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू. थंडी वाजून १०२ ताप, डाव्या कुशीत दुखतं. नव्या किडनीवर दाबलं तर दुखत नाही. सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) १४० मिग्रॅ/लिटर, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा निर्देशक) १.३ वर स्थिर. लघवीत पस सेल्स ४-६, कल्चर नो ग्रोथ (जंतू वाढले नाहीत). याआधी असंच झालं तेव्हा सेफिक्झिम ७ दिवस दिलं. ताप उतरला आणि औषध थांबताच परत आला. लघवीचं इन्फेक्शन नाही असं धरून दुसरीकडे शोधू का?

मूत्रपिंड_ओपीडी: आधी जुन्या किडनीतच शोधा. पीकेडीत जुन्या किडन्या बहुतेक वेळा आतच ठेवतात, आणि कुशीत दुखतंय तिथे त्याच आहेत. नवी खाली ओटीपोटात एका बाजूला असते. बहुतेक सिस्ट मूळ नलिकेपासून तुटलेल्या असतात, आतला पू लघवीत उतरतच नाही. त्यामुळे लघवीचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून सिस्टमध्ये इन्फेक्शन नाही असं नाही. ब्लड कल्चरचे दोन संच वेगवेगळ्या जागांहून घ्या, तेही अँटिबायोटिकच्या आधी.

सोनोग्राफीवर विसंबू नका. जुनं रक्त साठलेली सिस्ट आणि पू भरलेली सिस्ट, दोन्ही गढूळच दिसतात. एफडीजी पेट-सीटीत (इन्फेक्शनची जागा उजळून दाखवणारा स्कॅन) नेमकी सिस्ट कळते, लिव्हरच्या सिस्टही तपासल्या जातात, आणि शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावा लागत नाही. खर्च मोठा आहे, पण अशा केसमध्ये सार्थकी लागतो.

सेफिक्झिम सिस्टच्या भिंतीपलीकडे पुरेसं पोचत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, कोट्रायमॉक्साझोल पोचतात. कोर्स ४ ते ६ आठवड्यांचा. तरीही ताप हटला नाही आणि सिस्ट ५ सेंमीपेक्षा मोठी असेल तर सुईने रिकामी करावी लागते. आणि हा पेशंट तुमच्याकडे ठेवू नका, आजच ट्रान्सप्लांट सेंटरला पाठवा.

कल्चर_प्लेट: एक अडचण. आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूमध्ये क्विनोलोन (सिप्रो, लिव्हो या गटाची औषधं) रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणं, इतका आहे की तब्येत खालावलेल्या पेशंटला नुसत्या सिप्रोच्या भरवशावर ठेवणं म्हणजे जुगार. सुरुवातीला सेंटरवाले शिरेतून जोरदार औषध देतात, जंतू कळला की बदलतात. पस सेल्स टिकून आणि कल्चर निगेटिव्ह, असं चालू राहिलं तर टीबीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे ३ दिवस ३ नमुने पाठवा. क्विनोलोन टीबीला अर्धवट दाबतं, म्हणून जमलं तर नमुने आधी.

फार्मसी_काउंटर: पेशंट न्यूमोसिस्टिस (फुप्फुसाचं एक इन्फेक्शन) टाळण्यासाठी रोज कोट्रायमॉक्साझोल घेत असेल तर ते प्रतिबंधाच्या मात्रेत असतं. त्यावर असताना उठलेला जंतू बहुधा त्याला दाद देत नाही. उपचाराच्या मात्रेत दिलं तर टॅक्रोलिमसच्या जोडीने पोटॅशियम चढतं. क्रिएटिनिनही थोडं वाढतं, त्याला लगेच रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) समजू नका, पण तपासा. क्विनोलोन आणि स्टेरॉइड एकत्र असताना टाचेमागची शीर (टेंडन) दुखली की औषध बंद. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या सिप्रोनंतर किमान २ तासांनी. तापाला पॅरासिटामॉल द्या; डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नाही. नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयापुरतं आहे, इथे उपयोग नाही.

तालुका_दवाखाना: पाठवतोय. पुढे नेहमीच्या तपासणीत कल्चर पॉझिटिव्ह आलं, पण त्रास काही नाही, तर?

मूत्रपिंड_ओपीडी: ताप नाही, जळजळ नाही, क्रिएटिनिन स्थिर, तर औषध नको. पहिला महिना उलटल्यावर अशा जंतूंच्या मागे लागलं की रेझिस्टन्स तेवढा वाढतो. मात्र त्याच किडनीत सिस्टचं इन्फेक्शन पुन्हापुन्हा होत राहिलं, तर ती जुनी किडनी काढण्याचा विषय सेंटरकडे काढा.