घरात माणसं किती, मटण किती? (अनुभव धागा: खान्देश)

मटण किती येतं हे कमाई ठरवते की खाणारी तोंडं? आपापल्या घरचा हिशोब लिहा. शाकाहारी मंडळीही या, फक्त उपदेश नको.

अमळनेर
आमचं खटलं अकरा जणांचं. बाजाराच्या दिवशी जिभाऊ किलोभर आणायचे, जास्त कधीच नाही. माय खोबरं-कांदा भाजून काळ्या मसाल्याचं वाटण असं घालायची की पातेलं काठोकाठ. पीस आधी पुरुषांना, मग पोरांना. सुनांच्या ताटात रस्सा आणि कळण्याची भाकरी. आता धुळ्यात आम्ही तिघं. अर्धा किलोच आणतो, तरी माणशी जवळजवळ दुप्पट पडतं. मी शिक्षिका झाले म्हणून नव्हे, ताटं कमी झाली म्हणून!

यावल
केळीला भाव लागला त्या वर्षी फ्रीज आला, गाडी आली. मटण नाही. सासरे माळकरी.

शिरपूरकडचं खेडं
मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते, तोच बॉयलर कोंबडीचा दिवस. एरवी सुकट. मूठभर वांग्यात टाकली की सहा जणांचं भागतं.

नवापूर
2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. बाहेरगावी चिकनचे भाव कोसळले म्हणे. आमच्या वडिलांची शेडवरची रोजंदारीच गेली, आम्हाला स्वस्ताईचा काय उपयोग?

धडगाव
दारात कोंबड्या आहेत, पण त्या तेलमिठासाठी विकायच्या. पाहुणा आला किंवा पूजा असली तरच कापतो. बोकड कापला की पाड्यात वाटे पडतात. ज्याच्याकडे आज पैसे नाहीत, तो मका निघाल्यावर देतो.

धागाकर्ती
वाटे आमच्याकडेही होते! तराजू नाही, पळसाच्या पानांवर ढीग. काळीज प्रत्येक ढिगात थोडंथोडं टाकायचं, नाहीतर भांडण ठरलेलं. मोठ्या घराने दोन वाटे उचलले तर कुणी नाक मुरडत नसे. आणि हो, सुनांच्या ताटाबद्दल अजून लिहा. घरात किती आलं हे सगळे सांगतात, कुणाच्या पोटात किती गेलं ते कुणी सांगत नाही.

जळगाव
दोघंच, दोघंही कमावते. पावशेर मटण मागितलं की दुकानदार तोंड वाकडं करतो, आणि दोघांसाठी वाटण घालायचं जिवावर येतं. म्हणून घरी फक्त आखाडात, दिराकडची माणसं आली की. बाकी हॉटेलात. ते कोणत्या हिशोबात धरायचं, धागाकर्ती ताई?