डेटाबेस अपग्रेडची तारीख कोणाची: क्लाउडवाल्याची की जिनिंगच्या हंगामाची?

गिरणाकाठ:
जळगाव-धुळ्याच्या जिनिंग, दालमिलसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी डेटाबेस आता क्लाउडवर न्यावा. गिऱ्हाइकागणिक सर्व्हर असला की वर्षभराचे बदल एकाच गठ्ठ्यात जातात; बिघडलं की नेमकं कशाने, ते सापडत नाही. एकच डेटाबेस असेल तर दर आठवड्याला लहान रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती) जमतं. टेबलची रचना मात्र टप्प्याने बदला: रिकामा चालेल असा नवा कॉलम जोडा, ॲपला दोन्हीत लिहू द्या, जुन्या नोंदी हजार-दोन हजारांच्या तुकड्यांत भरा, मग वाचन नव्यावर वळवा. जुना कॉलम पुढच्या रिलीजला काढा.

कपाशी_डीबीए:
आणि लॉकचं काय भाऊ? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलम जोडायला क्षणभर का होईना, पूर्ण टेबलचं लॉक लागतं, म्हणजे तेवढा वेळ ते टेबल इतरांना बंद. कोणी वर्षभराचा रिपोर्ट लावून बसला असेल तर ऑल्टर (रचना बदलायची आज्ञा) त्याच्यामागे थांबतं आणि ऑल्टरमागे साधी सिलेक्टसुद्धा (वाचायची आज्ञा). वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या, पावती निघत नाही. लॉक टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबायची मर्यादा, 2-3 सेकंद ठेवा. नाही मिळालं तर सोडून द्या, थोड्या वेळाने परत लावा. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कन्करंटली, म्हणजे टेबलवरचं लिहिणं न थांबवता, बनवा, पण तसं बनवणं ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गठ्ठ्यात) चालत नाही. मध्येच फसला तर इनव्हॅलिड (अर्धवट) इंडेक्स मागे उरतो, वाचायला कामाचा नाही आणि लिहिणं मात्र हळू करतो. तो आठवणीने ड्रॉप करा.

खरा आक्षेप वेगळाच. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची जुनी 5.7 आवृत्ती तशीच ठेवणाऱ्यांना 2024 पासून जादा सपोर्टचं बिल लागलं, तेही व्हीसीपीयूच्या (भाड्याच्या प्रोसेसरच्या) तासावर. स्वतःच्या सर्व्हरवर ही सक्ती नाही.

गिरणाकाठ:
5.7 ची मुदत मूळ कंपनीकडूनच ऑक्टोबर 2023 ला संपली होती. पॅच न मिळणारा डेटाबेस चालवण्यात कसली आलीय मोकळीक? पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला येते आणि 5 वर्षं सांभाळली जाते. जुलैत, जिनिंग बंद असताना, स्नॅपशॉटच्या (त्या क्षणीच्या डेटाच्या) कॉपीवर तालीम करून अपग्रेड उरका. नंतर ॲनालाइझ ही टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा चालवा. पोस्टग्रेस 18 च्या आधीच्या आवृत्त्यांत अपग्रेडनंतर ही आकडेवारी पुढे येत नाही आणि क्वेऱ्या रखडतात.

हो, क्लाउडवाल्याची मेंटेनन्स विंडो (देखभालीची वेळ) यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते. रविवारी पहाटे 2 हवे असतील तर शनिवार 20:30 भरा. 02:00 भरलं तर सकाळी 7:30 ला, ऐन काटा सुरू व्हायच्या वेळी डेटाबेस बसेल.

कपाशी_डीबीए:
वेगाचं एवढं कौतुक नको. मायएसक्यूएल 8.0 मध्ये छोट्या आवृत्त्यांतही नव्या सोयी घुसवल्या. 8.0.29 ने इन्स्टंट कॉलमची (टेबल पुन्हा न लिहिता कॉलम जोडायची) सोय वाढवली आणि गंभीर दोषापायी ती आवृत्ती डाउनलोडमधून काढावी लागली. 8.0 मध्ये एक पायरी मागे येणंही सपोर्टेड नाही, म्हणजे बॅकअप हाच रस्ता. शेवटी जुलै 2023 पासून इनोव्हेशन (नव्या सोयींच्या, थोड्या मुदतीच्या) आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वेगळ्या केल्या. 2024 ची 8.4 दीर्घ मुदतीची. धंद्याला तीच लावा.

केळीचा_घड:
दोघंही नेट गृहीत धरून चाललेत. रावेरच्या केळी काट्यावर लाइन गेली की पावती काट्यावरच्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये थांबते आणि नेट आलं की वर जाते. ती जुन्या ॲपची, जुन्या कॉलमची असते. पुढच्याच रिलीजला कॉलम काढला तर ती रांग तिथेच अडणार.

गिरणाकाठ:
मान्य. मग प्रत्येक काट्याच्या ॲपची आवृत्ती सर्व्हरवर नोंदवा आणि शेवटचा जुना काटा सिंक होईपर्यंत कॉलम ठेवा.

कपाशी_डीबीए:
आणि एखादा काटा हंगामभर अपडेटच झाला नाही तर? आठवड्याचं रिलीज झालं ना परत वर्षाचं.